वर्गसमीकरण सोडवताना नेमके काय घडते: पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

दहावीच्या गणित भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे संपली की लगेच वर्गसमीकरणांचे प्रकरण येते, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांचे बीजगणिताशी बिनसते ते याच ठिकाणी. प्रकरण फार अवघड आहे म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. अवयव पद्धत, पूर्ण वर्ग पद्धत आणि सूत्र पद्धत अशा तीन रीती पाठोपाठ समोर येतात, प्रत्येकीच्या पायऱ्या स्वतंत्रपणे पाठ केल्या जातात, आणि तिन्ही रीती एकच काम करतात हे सांगायचे राहून जाते. ते काम म्हणजे वर्गसमीकरण मोडून त्याची दोन साधी, एकघाती समीकरणे करणे. एकघाती समीकरण सोडवण्याचा सराव विद्यार्थ्यांना दहावीत येईपर्यंत पुरेसा झालेला असतो. त्यामुळे येथे नवे शिकायचे ते फक्त हे मोडण्याचे कसब.

चिन्हांविषयी एक खुलासा आधीच करतो. सध्याच्या पाठ्यपुस्तकांत चलासाठी रोमन अक्षर छापलेले असते. येथे जुन्या मराठी पुस्तकांतल्याप्रमाणे अज्ञात संख्येला क्ष म्हटले आहे आणि सहगुणकांसाठी अ, ब, क ही अक्षरे घेतली आहेत. वहीत मात्र आपल्या पुस्तकातील अक्षरेच लिहावीत.

समीकरण वर्गसमीकरण आहे की नाही

ज्या समीकरणात एकच चल असते आणि त्या चलाचा सर्वांत मोठा घातांक २ असतो, ते वर्गसमीकरण होय. त्याचे सामान्य रूप अक्ष² + बक्ष + क = ० असे लिहितात. यात अ, ब, क या वास्तव संख्या असून अ शून्य असता कामा नये, कारण अ शून्य झाला की वर्गाचे पद नाहीसे होते आणि मागे एकघाती समीकरण उरते. ब किंवा क शून्य असले तरी चालते; क्ष² = ४९ हेही वर्गसमीकरणच आहे.

ओळख पटवण्याची घाई मात्र करू नये. (क्ष + ३)² = क्ष² + २१ हे समीकरण पाहताक्षणी वर्गसमीकरण वाटते. कंस सोडवला की डावीकडे क्ष² + ६क्ष + ९ मिळते, दोन्ही बाजूंचे क्ष² निघून जातात आणि ६क्ष = १२, म्हणजे क्ष = २ एवढेच उरते. याउलट क्ष + ६/क्ष = ५ या समीकरणात वर्ग कुठेच दिसत नाही, पण दोन्ही बाजूंना क्ष ने गुणले की क्ष² − ५क्ष + ६ = ० असे अस्सल वर्गसमीकरण तयार होते. म्हणून पहिली पायरी ठरलेली आहे: छेद घालवावेत, कंस सोडवावेत, सगळी पदे डाव्या बाजूला आणून घातांकांच्या उतरत्या क्रमाने मांडावीत आणि उजवीकडे शून्य लिहावे. त्यानंतर अ, ब आणि क यांच्या किमती चिन्हांसह बाजूला लिहून ठेवाव्यात. क्ष² − ५क्ष + ६ = ० मध्ये ब ची किंमत ५ नसून −५ आहे; ही नोंद आधी केली तर सूत्र वापरताना होणाऱ्या निम्म्या चुका तिथेच थांबतात.

उजवीकडचे शून्य कशासाठी

सगळी पदे डावीकडे आणून उजवीकडे शून्य ठेवण्याचा आग्रह बहुतेकांना मांडणीचा संकेत वाटतो. प्रत्यक्षात अवयव पद्धत त्या शून्यावरच उभी आहे. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी निदान एक संख्या शून्य असलीच पाहिजे. हा गुणधर्म फक्त शून्याचा आहे. गुणाकार १२ आहे एवढे कळल्याने त्या दोन संख्यांविषयी काहीच ठरत नाही. त्या ३ आणि ४ असतील, २ आणि ६ असतील, −१ आणि −१२ असतील किंवा अपूर्णांकही असतील.

माझ्याकडे तपासायला आलेल्या वह्यांत एक चूक इतक्या वेळा दिसली आहे की ती येथे जशीच्या तशी मांडतो. उदाहरण होते (क्ष − ३)(क्ष − २) = १२. विद्यार्थ्याने सुबक अक्षरात लिहिले होते: क्ष − ३ = १२ किंवा क्ष − २ = १२, म्हणून क्ष = १५ किंवा क्ष = १४. १५ ही किंमत समीकरणात घालून पाहिली तर १२ × १३ = १५६ येते, १२ येत नाही. बरोबर रीत अशी की कंसांचा गुणाकार आधी करावा: क्ष² − ५क्ष + ६ = १२, म्हणजे क्ष² − ५क्ष − ६ = ०. याचे अवयव (क्ष − ६)(क्ष + १) = ० असे पडतात आणि क्ष = ६ किंवा क्ष = −१ मिळते. ताळा पाहावा: क्ष = ६ असताना ३ × ४ = १२, आणि क्ष = −१ असताना (−४) × (−३) = १२. दोन्ही किमती समीकरणाला चालतात, म्हणून दोन्ही त्याची मुळे आहेत. मूळ म्हणजे चलाच्या जागी घातल्यावर समीकरणाच्या दोन्ही बाजू समान करणारी किंमत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

मधले पद कसे फोडावे

अवयव पद्धतीतील खरे कष्ट मधले पद फोडण्यात आहेत. २क्ष² − ७क्ष − १५ = ० हे उदाहरण घेऊ. पहिल्या पदाचा सहगुणक आणि शेवटचे स्थिर पद यांचा गुणाकार करावा: २ × (−१५) = −३०. आता अशा दोन संख्या हव्यात, ज्यांचा गुणाकार −३० आणि बेरीज −७ आहे. अंदाजाने संख्या शोधत बसण्यापेक्षा रफ वहीत ३० च्या जोड्या क्रमाने लिहाव्यात: १ आणि ३०, २ आणि १५, ३ आणि १०, ५ आणि ६. जोड्या एवढ्याच. गुणाकार ऋण असल्यामुळे एक संख्या धन आणि दुसरी ऋण असणार, म्हणून जोडीतील संख्यांचा फरक पाहावा. ७ चा फरक ३ आणि १० मध्ये आहे. मोठ्या संख्येला मधल्या पदाचे चिन्ह द्यावे, म्हणजे −१० आणि +३. गुणाकार धन असता तर फरकाऐवजी बेरीज पाहिली असती आणि दोन्ही संख्यांना मधल्या पदाचेच चिन्ह दिले असते.

पुढचे काम सरळ आहे. २क्ष² − १०क्ष + ३क्ष − १५ = ० असे लिहून दोन-दोन पदांचे गट करावेत: २क्ष(क्ष − ५) + ३(क्ष − ५) = ०. दोन्ही गटांतील कंस तंतोतंत सारखा आला, म्हणजे फोड बरोबर झाली. तो तसा आला नाही तर पुढे न जाता चिन्हे पुन्हा तपासावीत. (क्ष − ५)(२क्ष + ३) = ० यावरून क्ष = ५ किंवा क्ष = −३/२.

जोड्या लिहून संपल्या आणि हवी ती बेरीज किंवा फरक मिळाला नाही, तर आपले काही चुकले असे समजू नये. त्या समीकरणाचे अवयव पूर्णांकांच्या साहाय्याने पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. तिथे अवयव पद्धतीचा नाद सोडून पुढच्या रीतीकडे वळावे. दहा-दहा मिनिटे जोड्या शोधत बसणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटले तरी परीक्षेच्या दोन तासांत ती परवडत नाही.

अवयवांच्याच संदर्भात आणखी एक सवय मोडायला हवी. क्ष² = ७क्ष असे समीकरण आले की दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ७ असे उत्तर लिहिले जाते. क्ष ने भागताना क्ष शून्य नाही असे आपण न सांगता गृहीत धरतो, आणि नेमके शून्य हेच दुसरे मूळ हातातून निसटते. क्ष² − ७क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ७) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ७ असे लिहावे. चल असलेल्या राशीने समीकरणाला भागायचेच नाही, असा नियम नवशिक्याने सरसकट पाळला तरी चालेल.

कागदाचा चौरस आणि हरवलेला कोपरा

पूर्ण वर्ग पद्धत वहीत शिकण्याआधी एकदा कागद आणि कात्री घेऊन करून पाहावी, असा माझा आग्रह असतो. उदाहरण म्हणून क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण घेऊ. ते फार जुने आहे: नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने आपल्या ग्रंथात ते याच आकड्यांनिशी सोडवले आहे, आणि त्याच ग्रंथाच्या नावातील एका शब्दावरून बीजगणिताचे ‘अल्जिब्रा’ हे नाव रूढ झाले.

कागदाचा एक चौरस कापावा आणि त्याची बाजू क्ष मानावी; त्याचे क्षेत्रफळ क्ष². आता १०क्ष क्षेत्रफळाचा एक आयत हवा, ज्याची लांबी क्ष आणि रुंदी १० आहे. हा आयत उभा चिरून त्याच्या ५ रुंदीच्या दोन पट्ट्या कराव्यात. एक पट्टी चौरसाच्या उजव्या कडेला लावावी आणि दुसरी खालच्या कडेला. जवळजवळ मोठा चौरस तयार होतो, फक्त खाली उजवीकडचा एक कोपरा रिकामा दिसतो. त्या कोपऱ्याची लांबी ५ आणि रुंदीही ५ आहे, म्हणजे तो भरायला २५ क्षेत्रफळाचा तुकडा लागेल. सध्या टेबलावर असलेल्या कागदाचे एकूण क्षेत्रफळ ३९ आहे. कोपरा भरला की ते ६४ होईल. पूर्ण झालेल्या मोठ्या चौरसाची बाजू क्ष + ५ आहे आणि क्षेत्रफळ ६४ आहे, म्हणून बाजू ८, आणि क्ष = ३.

‘मधल्या पदाच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा’ हे वाक्य पाठ करणाऱ्या मुलांना निमपट का आणि वर्ग का, हे विचारले की ती गप्प होतात. निमपट यासाठी की पट्टी दोन कडांना वाटायची असते. वर्ग यासाठी की रिकामा राहिलेला कोपरा चौरसाकृती असतो. आणि दोन्ही बाजूंना यासाठी की डावीकडे कागदाचा तुकडा वाढवला तर उजवीकडचे क्षेत्रफळही तेवढेच वाढते. एकदा हा कोपरा डोळ्यांनी पाहिला की वाक्य पाठ करण्याची गरज उरत नाही.

कागदाची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. (क्ष + ५)² = ६४ या समीकरणावरून क्ष + ५ = ८ मिळते, तसेच क्ष + ५ = −८ हेही मिळते, कारण −८ चा वर्गही ६४ असतो. म्हणून क्ष = ३ किंवा क्ष = −१३. कागदाची बाजू ऋण असू शकत नाही, त्यामुळे अल्-ख्वारिझ्मीने ३ हे एकच उत्तर दिले. आपण समीकरण सोडवताना वर्गमूळ घेतो त्या ओळीत ± हे चिन्ह घालायलाच हवे. ते राहिले की एक मूळ गेले.

अवयव न पडणाऱ्या समीकरणात या रीतीचा उपयोग दिसतो. क्ष² − ६क्ष + ४ = ० मध्ये ४ चे अवयव कसेही मांडले तरी बेरीज −६ येत नाही. येथे क्ष² − ६क्ष = −४ असे लिहून दोन्ही बाजूंत ९ मिळवावेत: (क्ष − ३)² = ५. म्हणून क्ष − ३ = ±√५ आणि क्ष = ३ + √५ किंवा क्ष = ३ − √५. अशी उत्तरे पाहून काही विद्यार्थी बिचकतात आणि दशांश रूपात किंमत काढू लागतात. तशी सूचना उदाहरणात नसेल तर वर्गमुळाच्या चिन्हासह असलेले उत्तरच पूर्ण आणि अचूक उत्तर असते.

सूत्र आले कुठून

प्रत्येक वेळी कोपरा भरत बसण्यापेक्षा अ, ब, क ही अक्षरे ठेवून तो एकदाच भरला, तर मिळते ते सूत्र. पाठ्यपुस्तकातील सिद्धतेत आधी अ ने भागतात, त्यामुळे ब/२अ सारखे अपूर्णांक येतात आणि ओळी अंगावर आल्यासारख्या वाटतात. भारतीय परंपरेतील श्रीधराचार्यांची रीत यापेक्षा सुटसुटीत आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात नोंदवून ठेवल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचली. ती अशी: वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजूंना गुणावे, मग मूळ समीकरणातील मधल्या पदाच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा आणि वर्गमूळ घ्यावे.

अक्ष² + बक्ष = −क
दोन्ही बाजूंना ४अ ने गुणून: ४अ²क्ष² + ४अबक्ष = −४अक
दोन्ही बाजूंत ब² मिळवून: ४अ²क्ष² + ४अबक्ष + ब² = ब² − ४अक
डावी बाजू पूर्ण वर्ग आहे: (२अक्ष + ब)² = ब² − ४अक
वर्गमूळ घेऊन: २अक्ष + ब = ±√(ब² − ४अक)
म्हणून: क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] ÷ २अ

शेवटची ओळ येईपर्यंत कुठेही भागाकार करावा लागला नाही, ही या रीतीची खुबी. सूत्र पाठ करण्याआधी या सहा ओळी न पाहता दोन-तीनदा लिहून काढाव्यात. मग परीक्षेत आठवण दगा देईल ही धास्ती राहत नाही, कारण सूत्र विसरले तरी दोन मिनिटांत पुन्हा तयार करता येते.

सूत्र वापरताना मांडणी सैल ठेवू नये. ३क्ष² − ५क्ष − ४ = ० घेऊ. अ = ३, ब = −५, क = −४. आधी ब² − ४अक वेगळे काढावे: (−५)² − ४ × ३ × (−४) = २५ + ४८ = ७३. येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. (−५)² ऐवजी −५² लिहिले की −२५ होते, आणि क चे ऋण चिन्ह विसरले की ४८ मिळवण्याऐवजी वजा होतात. कंस घालून किमती लिहिल्या तर दोन्ही चुका टळतात. पुढे −ब = ५, म्हणून क्ष = (५ + √७३) ÷ ६ किंवा क्ष = (५ − √७३) ÷ ६. भागाकाराची रेघ वरच्या पूर्ण राशीखाली ओढावी. ती फक्त वर्गमुळाखाली ओढणे ही या सूत्रातील सर्वांत जुनी आणि चिवट चूक आहे.

ताळा घेण्यासाठी अशी अवजड मुळे समीकरणात घालण्याची गरज नाही. मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ असतो. वरच्या दोन मुळांची बेरीज करताना √७३ निघून जातो आणि १०/६, म्हणजे ५/३ उरते. −ब/अ सुद्धा ५/३ च आहे. गुणाकार (२५ − ७३)/३६, म्हणजे −४/३ येतो, आणि क/अ सुद्धा −४/३ च आहे. अर्ध्या मिनिटाचे काम, पण उत्तर बरोबर असल्याची खात्री देणारे.

विवेचक: वर फेकलेल्या चेंडूची साक्ष

वर्गमुळाच्या चिन्हाखालील ब² − ४अक या राशीला विवेचक म्हणतात आणि ती डेल्टा या ग्रीक अक्षराने दाखवतात. विवेचक धन असेल तर मुळे वास्तव आणि असमान, शून्य असेल तर वास्तव आणि समान, ऋण असेल तर मुळे वास्तव संख्या नसतात, हा तक्ता सर्वांना पाठ असतो. त्याचा अर्थ पाहण्यासाठी मैदानावर जाऊ.

एक चेंडू जमिनीपासून सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. हवेचा विरोध सोडून दिला आणि गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले, तर क्ष सेकंदांनंतर त्याची उंची २०क्ष − ५क्ष² मीटर असेल. चेंडू १५ मीटर उंचीवर केव्हा असेल? २०क्ष − ५क्ष² = १५, म्हणजे ५ ने भागून आणि मांडणी करून क्ष² − ४क्ष + ३ = ०. विवेचक १६ − १२ = ४, मुळे १ आणि ३. दोन्ही उत्तरे खरी आहेत: पहिल्या सेकंदाला चेंडू वर जाताना १५ मीटरवर असतो, तिसऱ्या सेकंदाला खाली येताना. २० मीटर उंचीसाठी क्ष² − ४क्ष + ४ = ० येते, विवेचक शून्य, आणि क्ष = २ हे एकच मूळ दोनदा मिळते; कारण ही चेंडूची सर्वांत जास्त उंची आहे, तिथे जाणे आणि परतणे एकाच क्षणी होते. २५ मीटर उंचीसाठी क्ष² − ४क्ष + ५ = ०, विवेचक १६ − २० = −४. चेंडू तेवढ्या उंचीवर पोहोचतच नाही, आणि समीकरण ते न बोलता सांगते.

वेळ आडव्या अक्षावर आणि उंची उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर तो उपड्या वाटीसारखा दिसतो. १५ मीटरवरची आडवी रेषा त्याला दोन ठिकाणी छेदते, २० मीटरवरची फक्त टेकते आणि २५ मीटरवरची रेषा वरून निघून जाते. पाठ केलेला तक्ता या तीन रेषांत सामावलेला आहे.

शाब्दिक उदाहरणे आणि नको असलेले मूळ

शाब्दिक उदाहरणात समीकरण तयार करणे हे मुख्य काम असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंतचे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर आहे. समजा, एका गाडीचा सरासरी वेग ताशी १६ किलोमीटरने वाढला असता, तर ती एक तास आधी पोहोचली असती. तर तिचा मूळ वेग किती? मूळ वेग ताशी क्ष किलोमीटर मानावा, आणि हे वाक्य वहीत एककासह लिहावे. जुना वेळ १९२/क्ष तास, नवा वेळ १९२/(क्ष + १६) तास. जुना वेळ मोठा आहे, म्हणून तो आधी:

१९२/क्ष − १९२/(क्ष + १६) = १

दोन्ही बाजूंना क्ष(क्ष + १६) ने गुणले की डावीकडे १९२ × १६ = ३०७२ उरते, म्हणून क्ष² + १६क्ष = ३०७२. वर चल असलेल्या राशीने भागायचे नाही असे म्हटले. गुणताना मात्र चालते, कारण वेग शून्य नसतो हे आपल्याला ठाऊक आहे. आता ३०७२ च्या जोड्या शोधायला बसू नये. मधला सहगुणक सम आहे आणि वर्गपदाचा सहगुणक १ आहे. अशा वेळी पूर्ण वर्ग पद्धत सर्वांत जलद असते, जरी बहुतेक विद्यार्थी ‘त्या पद्धतीने सोडवा’ असे सांगितल्याशिवाय तिच्याकडे फिरकत नाहीत. १६ ची निमपट ८, तिचा वर्ग ६४: (क्ष + ८)² = ३१३६. ५६ चा वर्ग ३१३६, म्हणून क्ष + ८ = ±५६, आणि क्ष = ४८ किंवा क्ष = −६४. वेग ऋण नसतो, म्हणून −६४ त्याज्य. हे कारण उत्तरात एका वाक्यात लिहावे. ताळा: १९२ ÷ ४८ = ४ तास, १९२ ÷ ६४ = ३ तास.

नको असलेले मूळ नेहमी ऋणच असते असे मात्र नाही, आणि याची उत्तम उदाहरणे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त आहेत. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या या गणितज्ञाच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे, म्हणजे ही उदाहरणे आपल्या अंगणातलीच. एका उदाहरणात माकडांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग एवढी माकडे वनात खेळत आहेत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. (क्ष/८)² + १२ = क्ष, म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. (क्ष − ३२)² = २५६, म्हणून क्ष = ४८ किंवा क्ष = १६. ४८ असतील तर वनात ३६, १६ असतील तर वनात ४; दोन्ही वेळा टेकडीवर १२ च उरतात, म्हणून दोन्ही उत्तरे ग्राह्य.

दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी माकडे गुहेत गेली आहेत आणि एक फांदीवर दिसते. (क्ष/५ − ३)² + १ = क्ष याचे रूप क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते आणि मुळे ५० व ५ येतात. दोन्ही धन आहेत, दोन्ही समीकरणाला चालतात. तरीही ५ चालत नाही: पाचांचा पंचमांश १, त्यातून ३ माकडे वजा कशी करणार? ही संख्या −२ येते, आणि ऋण माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, अशा आशयाची टिप्पणी करून भास्कराचार्यांनी ते मूळ बाजूला ठेवले आहे. म्हणून मूळ मिळाल्यावर ते समीकरणात घालून पाहणे पुरेसे नाही; ते मूळ गोष्टीत घालून, गोष्टीतील प्रत्येक राशी शक्य कोटीतील आहे ना, हे पाहावे लागते.

सराव कसा करावा

पन्नास उदाहरणे एकाच रीतीने सोडवण्यापेक्षा पाच उदाहरणे तिन्ही रीतींनी सोडवावीत. सुरुवातीला क्ष² − २क्ष − २४ = ० घ्यावे: अवयवांनी (क्ष − ६)(क्ष + ४) = ०, पूर्ण वर्गाने (क्ष − १)² = २५, सूत्राने विवेचक ४ + ९६ = १००; तिन्हीकडून ६ आणि −४ हीच मुळे यायला हवीत, आणि एखादीकडून वेगळी आली तर चूक कोणत्या ओळीत आहे हे स्वतःच शोधावे. उदाहरणे संपली तर स्वतः तयार करावीत. मनात कोणतीही दोन मुळे धरावीत, समजा ७ आणि −४; त्यांची बेरीज ३ आणि गुणाकार −२८, म्हणून समीकरण क्ष² − ३क्ष − २८ = ०. बेरजेचे चिन्ह समीकरणात उलटे होते आणि गुणाकाराचे तसेच राहते, एवढे सांभाळावे. मग वही शेजारी बसलेल्या मित्राकडे किंवा मैत्रिणीकडे सरकवावी आणि त्यांनी तयार केलेले समीकरण आपण सोडवायला घ्यावे.